शक्य असेल तेथवर

पंचनाम्यात एक ओळ ठरलेली असते. ‘सदर महिलेची अंगझडती महिला पोलीस अंमलदार यांचेमार्फत घेण्यात आली.’ पुढे कधी नाव असते, कधी नुसते ‘मपोशि’, म्हणजे महिला पोलीस शिपाई, आणि बक्कल नंबर. न्यायालयाच्या बातम्या देणारी वार्ताहर म्हणून मी वर्षानुवर्षे दोषारोपपत्रे चाळली आणि तितकीच वर्षे या ओळीवरून पुढे सरकत गेले. आरोपी कोण, कलम कोणते, मुद्देमाल काय मिळाला, एवढ्याकडे लक्ष. झडती घेणारी बाई माझ्या बातमीत कधीच आली नाही.

ती पहिल्यांदा दिसली एका तालुका न्यायालयाच्या व्हरांड्यात. चोरीच्या गुन्ह्यातल्या एका बाईला रिमांडसाठी आणले होते आणि तिच्या शेजारी बाकावर महिला शिपाई बसली होती. पुकारा व्हायला वेळ होता, म्हणून मी तिला गुन्ह्याबद्दल विचारले. ती म्हणाली, “मला केस माहीत नाही हो मॅडम. मी फक्त सोबत आहे.” मग बोलता बोलता एकेक कळत गेले. ज्या ठाण्याचा गुन्हा होता तिथे त्या रात्री एकही महिला अंमलदार ड्युटीवर नव्हती. हिचे ठाणे वेगळे, तीस किलोमीटरवरचे. पहाटे साडेतीनला फोन आला. सूर्य उगवला की अटक करायची होती, म्हणून उजाडण्याआधी पोचायला हवे होते. नवऱ्याने मोटरसायकलवरून सोडले. अटक, झडती, सरकारी दवाखान्यातली तपासणी, तिथून न्यायालय, सगळीकडे ती होती. संध्याकाळी तिला परत आपल्या ठाण्यात जाऊन रात्रपाळी धरायची होती. आरोपीने कोणाचे काय चोरले, हे तिला दिवसभरात ठाण्यातल्या कुणी सांगितले नव्हते. सांगायला हवे असे कुणाला वाटलेही नव्हते.

‘मी फक्त सोबत आहे’ या वाक्याभोवती हे पुस्तक जमत गेले. यात बोलणाऱ्या बायका शिपाई आहेत, तपास अधिकारी आहेत, सरकारी वकील आहेत, बचावाच्या वकील आहेत. कुणी न्यायासनावर बसते, कुणी कारागृहाच्या चाव्या सांभाळते, कुणी प्रयोगशाळेत रक्ताचे डाग तपासते. एकमेकींच्या कामाची त्यांना फारशी ओळख नाही. तरी एक तक्रार इतक्या वेगवेगळ्या तोंडांतून आली, की ती या प्रस्तावनेत सविस्तर मांडणे मला भाग आहे. फौजदारी न्यायाच्या प्रत्येक पायरीवर कायद्याला बाई हवी आहे. पण ती हजर आहे एवढ्यावर व्यवस्था समाधानी आहे. तिने काम करावे, शिकावे, त्यात वाकबगार व्हावे, हे कुणाच्या हिशेबात नाही.

कायद्याला ती किती ठिकाणी हवी आहे ते पाहा. महिलेची झडती महिलेनेच घ्यायची. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करायची नाही. अपवाद करायचा तर महिला अधिकाऱ्याने, दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेऊन. बलात्काराची फिर्याद महिला अधिकाऱ्याने नोंदवायची. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा २०१२ चा कायदा म्हणतो, की मुलाचा जबाब उपनिरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाची नसलेली महिला अधिकारी घेईल आणि त्या वेळी ती गणवेशात नसेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने पीडितेचा जबाब महिला दंडाधिकाऱ्यांपुढे व्हावा अशी अपेक्षा ठेवली आहे. बलात्काराचा खटलाही महिला न्यायाधीशांपुढे चालावा, असे कायदा सांगतो.

यातल्या काही तरतुदी सक्तीच्या आहेत. काहींना मात्र एक शेपूट आहे : ‘शक्य असेल तेथवर’. कायदा लिहिणाऱ्यांना वास्तव ठाऊक होते, म्हणून ती फट त्यांनी ठेवली. ठाण्यात बाई नसली की ‘शक्य नव्हते’ असे लिहून पुढे जाता येते. आणि असली, की सगळे शक्य होऊन बसते. ते त्या एकटीने शक्य करायचे असते. तिची झोप, तिचे तापाने फणफणलेले मूल, तिची कालची अठरा तासांची ड्युटी, यांतले काहीही ‘अशक्य’ या सदरात मोडत नाही.

या तरतुदी कुणाच्या दयेतून आलेल्या नाहीत. १९७२ च्या मार्चमध्ये आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीला रात्री थांबवून घेतले गेले आणि सोबतच्यांना बाहेर पाठवले गेले. त्या प्रकरणात सत्र न्यायालयाने दोन पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिले. त्यातून देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा, गंभीर गुन्हा ठरला. अशा खटल्यांची सुनावणी बंद दाराआड होऊ लागली. पुढच्या चाळीस वर्षांत ‘तिथे एक बाई हवीच’ ही मागणी कलमाकलमांतून पक्की होत गेली. आज पंचनाम्यातली ती ओळ वाचताना मला देसाईगंजची ती रात्र आठवते. ती ओळ कागदावर यावी म्हणून फार मोठी किंमत मोजली गेली आहे. म्हणूनच ती नुसती ओळ राहिलेली पाहवत नाही.

आता आकडे, थोडेच. महाराष्ट्राच्या १९९४ च्या महिला धोरणाने सरकारी नोकऱ्यांत महिलांसाठी ३० टक्के जागा राखून ठेवल्या आणि पोलीस भरतीच्या मैदानावर मुलींच्या रांगा दिसू लागल्या. तरी आज देशभरातल्या पोलीस दलांत महिला साधारण १२ टक्के आहेत, आणि अधिकारी पदांवर त्याहून कमी. कायद्याची गरज आणि माणसांची संख्या यांच्यात एवढी दरी असली, की जी आहे तिचे काय होते? ती ओढली जाते. ठाण्यात चार महिला अंमलदार असतील तर एक बाळंतपणाच्या रजेवर, एक न्यायालयात, एक मोर्चाच्या बंदोबस्ताला. उरलेली एक जी कोणती महिला आणली जाईल तिच्या सोबत. या पुस्तकातल्या एका हवालदार ताईंनी आपल्या बावीस वर्षांच्या नोकरीचा हिशेब असाच केला आहे. किती आरोपी महिलांना दवाखान्यात नेले ते त्यांना मोजता येत नाही. स्वतः तपास केलेला गुन्हा त्यांना एकच आठवतो. गावातल्या एका घरफोडीत त्यांनी सोनाराच्या वहीवरून आरोपीचा माग काढला होता. ते चार परिच्छेद त्या पानांतले सर्वांत आनंदी परिच्छेद आहेत.

तपास हे हाताने शिकायचे काम आहे. घटनास्थळावर आधी काय पाहायचे, साक्षीदार केव्हा खोटे बोलू लागतो, पंच कसे निवडायचे, मोबाइलच्या नोंदींतून माणूस कसा शोधायचा, हे वरिष्ठ तपासी अंमलदाराच्या मागे फिरून येते. गुन्हे प्रकटीकरण पथक, म्हणजे ठाण्यातल्या बोलीत ‘डीबी’, ही त्याची शाळा. त्या शाळेत मुलींना क्वचित प्रवेश असतो. कारण विचारले तर उत्तर काळजीच्या सुरात येते : रात्री-अपरात्री पोरांबरोबर कुठे फिरणार, बाहेरगावी मुक्काम पडला तर झोपणार कुठे. मग तिला बिनतारी संदेश कक्ष, संगणकावर फिर्यादी चढवणे, पारपत्राची पडताळणी, न्यायालयात पैरवी अशी कामे मिळतात. ही कामे कमी दर्जाची नाहीत, पण त्यांतून तपास अधिकारी घडत नाही. दहा वर्षांनी पदोन्नतीच्या वेळी तिला सांगितले जाते, की तुमच्याकडे तपासाचा अनुभव नाही. २०१९ मध्ये ‘कॉमन कॉज’ आणि ‘लोकनीती’ या संस्थांनी देशातल्या पोलिसांचा मोठा अभ्यास केला. महिलांना ठाण्याच्या आतली कामे आणि पुरुषांना बाहेरची, ही विभागणी त्यात स्पष्ट दिसली. पोलिसांचा कामाचा दिवस सरासरी १४ तासांचा निघाला, आणि महिलांपैकी पाचातल्या एकीने सांगितले, की आमच्या कामाच्या जागी महिलांसाठी वेगळे शौचालयच नाही.

शौचालय हा शब्द या पुस्तकात इतक्या वेळा येतो, की संपादन करताना तो कमी करावा असे मला एकदा वाटले होते. केला नाही. आषाढीला पंढरपुरात किंवा अनंत चतुर्दशीला मुंबईत गिरगावच्या रस्त्यावर सकाळी उभी राहिलेली शिपाई दुसऱ्या दिवशी पहाटे मोकळी होते. ती पाणी पीत नाही. तहान लागत नाही म्हणून नव्हे. प्यायले तर जायचे कुठे, म्हणून. मूत्रमार्गाचा संसर्ग आणि मूतखडा यांना या बायका आपल्या धंद्याचे आजार म्हणतात, जसे विणकर खोकल्याला म्हणतो. पाळीच्या दिवसांत बंदोबस्ताच्या गाडीत, बारा पुरुष सहकाऱ्यांच्या मध्ये बसून काय करायचे, हे एकीने लिहिले आहे. तो मजकूर मी तिला शब्द न बदलता छापायचे वचन दिले होते आणि तसाच छापला आहे.

२०२२ च्या जानेवारीत राज्याच्या पोलीस महासंचालकांनी महिला अंमलदारांना बाराऐवजी आठ तासांची ड्युटी देण्याचा आदेश काढला. फार चांगला आदेश. त्याबद्दल या बायका कृतज्ञतेने बोलतात आणि लगेच पुढचेही सांगतात. सण आला, सभा आली, अधिवेशन आले की आठाचे किती होतात ते घड्याळालाच माहीत. आणि ज्या ठाण्यात माणसेच कमी, तिथे तिचे वाचलेले चार तास शेजारच्या पुरुष अंमलदाराच्या खांद्यावर जातात. मग चहाच्या वेळी टोमणा येतो : तुमचे काय, तुम्ही मॅडम. माणसे वाढवल्यावाचून तास कमी केले, की सवलत मिळालेली व्यक्तीच अपराधी ठरते. माझ्या मते दोष त्या टोमणा मारणाऱ्या अंमलदाराचाही नाही. चौदा तास त्याचाही जीव घेतात.

उलट टोकाला उभी असते ती ठाण्यातली एकमेव महिला उपनिरीक्षक. कायद्याने बालकाचा जबाब तिनेच घ्यायचा, म्हणून अशी सगळी प्रकरणे तिच्या टेबलावर येतात. तिशीतल्या एका अधिकारी मुलीने सांगितले, की सलग दोन वर्षे तिने दुसऱ्या कोणत्याही प्रकारचा गुन्हा हाताळला नाही. साध्या कपड्यांत, जमिनीवर मांडी घालून, चॉकलेट पुढे करून ती सहा-सात वर्षांच्या मुलांना विचारत राहिली, की त्याने काय केले. बंदुकीचा सराव तिला दरवर्षी होतो. पण मुलांचे ते बोलणे ऐकून घरी गेल्यावर स्वतःच्या मुलीला कुशीत घेताना हात का थरथरतो, हे तिला कुणी एकदाही विचारले नाही. याचा परिणाम तिच्यापुरता थांबत नाही. थकलेल्या माणसाने घेतलेला जबाब त्रोटक असतो. दोन वर्षांनी उलटतपासणीत बचावाचे वकील नेमके त्या त्रोटकपणावर बोट ठेवतात आणि खटला तिथे ढिला पडतो. तिच्या विश्रांतीचा प्रश्न हा त्या मुलाच्या न्यायाचा प्रश्न आहे, हे मला तिच्याशी बोलेपर्यंत उमगले नव्हते.

आतल्या छळाबद्दल लिहिणे सर्वांत अवघड गेले. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ‘विशाखा’ निकाल दिला. त्या पीठावर न्यायमूर्ती सुजाता मनोहर होत्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या त्या पहिल्या महिला न्यायाधीश आणि पुढे पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती. त्या निकालाचा २०१३ मध्ये कायदा झाला. तो राबवणाऱ्या खात्यात मात्र, २०१९ च्या त्याच अभ्यासात, जवळपास चारातल्या एकीने सांगितले, की आमच्या इथे अशी तक्रार घेणारी समितीच नाही. शिस्तीच्या खात्यात तक्रार म्हणजे बेशिस्त, ही समजूत खोल आहे. ज्याच्याविरुद्ध बोलायचे त्याच्याच हातात तिचा गोपनीय अहवाल, रजा आणि बदली. नवी मुंबईत एक सहायक पोलीस निरीक्षक २०१६ मध्ये बेपत्ता झाली. तिच्या खुनाबद्दल पनवेलच्या सत्र न्यायालयाने २०२५ मध्ये जन्मठेप दिली ती एका पोलीस निरीक्षकाला. मधली नऊ वर्षे तिचे घरचे दारोदार फिरत होते. वर्दीतली बाई हरवली तरी वर्दी सहज हलत नाही, हे त्या नऊ वर्षांनी दाखवले आणि इतर वर्दीतल्या बायकांनी ते नीट पाहून ठेवले.

न्यायालयांकडे वळताना आधी नाशिकला जावे लागते. १८६६ मध्ये तिथे जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर आणि ऑक्सफर्डला कायदा शिकलेल्या पहिल्या महिला. परत येऊन १८९६ मध्ये त्यांनी पुण्यात खुनाच्या एका खटल्यात आरोपीची बाजू मांडली. तरी वकिलीची सनद त्यांना पुढची पंचवीस वर्षे मिळाली नाही. महिलांच्या आड येणारी अट काढणारा कायदा यायला १९२३ उजाडले. बाई बोलली तर चालते, पण वकील म्हणून नोंद नको, ही रीत इथलीच आणि जुनी आहे.

आज जिल्हा न्यायालयांत शंभर न्यायाधीशांमागे छत्तीसच्या आसपास महिला आहेत. पोलिसांच्या तुलनेत चित्र उजळ दिसते आणि ते आहेही. स्पर्धा परीक्षा नावावरून गुण देत नाही. अडचण आत आल्यावर सुरू होते. मध्य प्रदेशात २०२३ मध्ये सहा महिला दिवाणी न्यायाधीशांना काम समाधानकारक नाही म्हणून सेवेतून कमी केले गेले. त्यांतल्या दोघींना सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या फेब्रुवारीत परत घ्यायला लावले. त्यांतल्या एकीचा त्या काळात गर्भपात झाला होता. निकाली प्रकरणांच्या रकान्यात त्याला जागा नव्हती. वरच्या पायरीवर बदलीचा मार सुटत नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्ती विजया ताहिलरामानी यांची मेघालयला बदली ठरली, तेव्हा २०१९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. मुंबईत असताना, २०१७ मध्ये, त्यांनी आणि न्यायमूर्ती मृदुला भाटकर यांनी मिळून गुजरात दंगलीतल्या बिल्किस बानो सामूहिक बलात्कार प्रकरणाचे अपील निकाली काढले होते. अकरा जणांची जन्मठेप कायम केली, आणि खालच्या न्यायालयाने सोडलेल्या पोलिसांना व डॉक्टरांनाही दोषी धरले.

महिला न्यायाधीशांबद्दल लोक दोन उलट गोष्टी एकाच दमात बोलतात : त्या हळव्या असतात, आणि बायकांच्या खटल्यात त्या सूड घेतात. मुंबईतल्या शक्ती मिलच्या सामूहिक बलात्काराच्या खटल्याकडे पाहावे. २०१४ मध्ये तिघांना फाशी सुनावणाऱ्या प्रधान सत्र न्यायाधीश शालिनी फणसळकर-जोशी होत्या. २०२१ मध्ये ती फाशी रद्द करून मरेपर्यंत जन्मठेप देणाऱ्या उच्च न्यायालयाच्या पीठावर न्यायमूर्ती साधना जाधव होत्या. एकच गुन्हा, एकच पुरावा, दोन महिला, दोन निष्कर्ष, आणि दोन्हींमागे कायद्याचा सविस्तर विचार. पुरुष न्यायाधीशांचे मतभेद झाले की आपण त्याला न्यायशास्त्र म्हणतो. हा साधा मान महिला न्यायाधीशांनाही मिळावा.

बचावाच्या महिला वकिलांना वेगळाच प्रश्न पडतो, तोही पक्षकाराच्या नातेवाइकांकडून : बाई असून तुम्ही अशा आरोपीचे वकीलपत्र घेता? पुरुष वकिलाला हे कुणी विचारत नाही. यातल्या एकीने त्यावर फार नेमके लिहिले आहे, म्हणून मी इथे थांबते.

कारागृहाचे प्रकरण वाचताना एका गोष्टीची तयारी ठेवावी. २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात एका कैदी बाईचा मृत्यू झाला आणि तिच्या खुनाचा आरोप तिथल्याच सहा महिला कर्मचाऱ्यांवर ठेवला गेला. बाई आली म्हणजे माया आली, असे मानणाऱ्यांनी हे टाळून जाऊ नये. आम्हीही टाळलेले नाही. कारागृह रक्षक महिलांनी आपल्या कथनांत त्याबद्दल मोकळेपणाने लिहिले आहे. भिंतीच्या आतला काळ कसा असतो, अपुऱ्या माणसांत रात्रीची बराक सांभाळताना भीती कशी रागात बदलते, आणि तरीही हात उचलायचा नाही हे स्वतःला कसे सांगावे लागते. ज्या नोकरीत माणसावर माणसाची सत्ता चालते, तिथे बाईपणाचा भरवसा पुरत नाही; प्रशिक्षण लागते, देखरेख लागते.

शिखरावरची नावे मला मोलाची वाटतात. मीरा चढ्ढा-बोरवणकर मुंबईच्या गुन्हे शाखेच्या प्रमुख झाल्या, पुण्याच्या पोलीस आयुक्त झाल्या. राज्याच्या कारागृहांची जबाबदारी त्यांच्याकडे असताना २०१२ मध्ये येरवड्यात कसाबला फाशी दिली गेली. रुक्मणी कृष्णमूर्ती १९७४ मध्ये मुंबईच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रुजू झाल्या आणि राज्याच्या प्रयोगशाळांच्या संचालक होऊन निवृत्त झाल्या. २०२४ च्या जानेवारीत रश्मी शुक्ला राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. पण या पुस्तकात त्यांच्यावर प्रकरण नाही. त्यांच्याबद्दल लिहिले गेले आहे, पुढेही लिहिले जाईल. आम्हाला बक्कल नंबर शोधायचे होते.

या कथनांवर नावे नाहीत. नोकरीत असलेल्यांना वर्तणूक नियमांची धास्ती आहे. निवृत्त झालेल्यांना आपल्या मागे खात्यात असलेल्या मुली-सुनांची. जिल्हे बदलले आहेत, वर्षे एखाद-दुसऱ्याने पुढेमागे केली आहेत. कामाचे तपशील मात्र जसेच्या तसे आहेत, कारण प्रत्येकीने आग्रह धरला तो त्यांचाच. किती वाजता फोन आला, कोणत्या गाडीने गेले, काय खाल्ले, फिर्यादीत कोणता शब्द घातला आणि का.

व्हरांड्यातल्या त्या शिपाई बाईंना मी पुढे शोधून काढले. त्यांचे कथन पुस्तकात पहिले आहे. पहाटे साडेतीनच्या फोनपासून त्यांनी सुरुवात केली आहे. मध्ये एके ठिकाणी त्यांनी त्या आरोपी बाईबद्दल दोन पाने लिहिली आहेत : ती कुठली होती, तिला किती मुले होती, दवाखान्यात तपासणी होताना तिने यांचा हात कसा घट्ट धरला होता, आणि चोरीचे मंगळसूत्र कुणाकडे ठेवले ते तिने त्या वेळी आपणहून सांगून टाकले होते. दोषारोपपत्रात ते कुठेच नाही. तपास अधिकाऱ्यांनी यांना विचारले नव्हते.